ताईच्या कुलपातल्या गोळ्या

माझ्या ताईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान कधीतरी तडकते. बत्तीस वर्षं ती हॉस्पिटलच्या औषधखिडकीत बसतेय आणि तिथला सगळा स्टाफ तिला पाठीमागे कुलूपबाई म्हणतो. तोंडावर म्हणायची हिंमत कोणाची नाही. माझीही नाही.

नाव पडलं ते तिच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटावरून. ताप-सर्दीची औषधं उघड्या फळीवर. झोपेच्या गोळ्या खणात, चिठ्ठीवरचा शिक्का बघितल्याशिवाय मिळायच्या नाहीत. आणि ज्यांची माणसाला जबर चटक लागते ती औषधं या कपाटात, दोन कुलपांच्या आड. एक किल्ली ताईच्या कमरेला, दुसरी मोठ्या नर्सबाईंकडे. दोघी हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. आमच्याकडे जेवायला आली की ताटावरसुद्धा हेच पुराण. "औषध चांगलं की वाईट यावर नाही रे ठरत. माणूस त्याच्या किती आहारी जाईल यावर ठरतं." या गोळ्यांपायी कोणी चोऱ्या केल्या, कोणी राहतं घर विकलं, सगळं आम्हाला तोंडपाठ. आई बिचारी भात वाढता वाढता ऐकायची आणि "बाई बाई!" म्हणायची.

मग आईच्या हाडात कॅन्सर निघाला आणि तिच्या दुखण्यावरच्या गोळ्या नेमक्या त्याच कपाटातल्या!

पहिल्या वीस मिळाल्या. सकाळी एक, रात्री एक. आठ दिवस झाले तरी कूस बदलताना आई उशीचं टोक मुठीत घट्ट धरायची. ओरडायची नाही, पण मला बघवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, उतार नाही तर दुप्पट ताकदीच्या देऊ. चिठ्ठी घेऊन मी धावत खिडकीवर.

ताईने चष्मा डोळ्यांवर ओढला. "वीस हे अक्षरात नाही लिहिलेलं."

"आकडा आहे ना?"

"वीसचे दोनशे करायला एक शून्य पुरतं. लिहून आण."

"ताई, मी तुझा सख्खा भाऊ आहे!"

"म्हणून नीट सांगतेय. दुसऱ्याला नुसती परत केली असती."

दोन जिने चढलो. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. दीड तास बाकावर बसून चरफडलो. चार अक्षरं लिहून घेतली, खाली आलो, तर बाईसाहेबांचं नवीन काहीतरी. "आधीच्या उरलेल्या गोळ्या आण. त्या हातात आल्याशिवाय नवी ताकद देणार नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आई तिकडे तळमळतेय आणि तू मोजणी करत बस! तू तिची मुलगी आहेस की या कपाटाची?"

रांगेतली माणसं बघायला लागली. ताईचे कान लाल झाले. "आण जा," एवढंच म्हणाली.

शिव्या घालतच घरी गेलो, आईच्या उशाचा डबा उचलला, तसाच नेऊन खिडकीत आदळला. ताईने मोजलं. पुन्हा मोजलं.

"गोळी तू देतोस ना तिला?"

"तिची ती घेते. लहान आहे का आता?"

"आठ दिवसांत सोळा संपायला हव्यात. चार उरायला हव्यात." तिने डबा माझ्याकडे सरकवला. "या चौदा आहेत."

मी स्वतः मोजल्या, चौदाच. ताई म्हणाली, "शरीराला सवय नसताना दुप्पट ताकद दिली असती रे आपण. श्वास बंद पडतो अशाने."

भर ड्यूटीत ती उठली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यातही किल्ली सोबतिणीला देताना सही घ्यायला विसरली नाही! मी कपाळावर हात मारून घेतला.

घरी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताई कॉटवर टेकली. "आई, गोळ्या का नाही घेत गं?"

"घेते की. अगदीच नाही सोसवलं तर घेते."

"रोज दोन घ्यायच्या होत्या."

आईने मान आमच्याकडे वळवली. "तुझ्या त्या कपाटातल्या ना त्या? तूच सांगतेस, माणसं चोऱ्या करतात म्हणून. या वयात मला चटक लागली तर लोक तुला काय म्हणतील? कुलूपबाईची आईच तसली?"

म्हणजे ते नाव आईलाही माहीत होतं.

"अगं, ते कुलूप तुझ्यासाठी नाही गं," ताई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "दुखणाऱ्याने घ्यायच्याच असतात त्या. तुझ्यासारख्यांसाठीच तर ठेवतो आम्ही."

तिने त्याच जुन्या डब्यातली एक गोळी काढून आईच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला धरला. आईने गोळीकडे बघितलं, मग ताईकडे.

"मग आठ दिवस मी उगाचच सोसलं का गं?"

ताईने तिचा तळहात उचलून तिच्या ओठांशी नेला. मी तिच्या मानेखाली हात घातला.