फौजदार आणि दहाव्याचा कावळा

दुपारी जेवणं आटोपली की मी अर्धा तास डाव्या कुशीवर आडवी होते. आजही झाले आहे, पण डोळा लागत नाही. पाच वाजता सोपान येणार आहे. सोपान म्हणजे पलीकडच्या वाडीतला पिठाच्या गिरणीवाला. त्याच्या गिरणीत उंदीर फार झालेत आणि आमच्या घरात एक मांजर जास्त झालंय. पोतं तोच घेऊन येणार आहे.

मांजरीचं नाव फौजदार. मांजरी असून हे नाव, कारण ठेवणाऱ्या माझ्या नणंदबाई, प्रमिलावन्सं. कन्याशाळेत त्यांनी सारी हयात जीवशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि एकतीस वर्षं माझ्यासोबत ह्याच घरात राहिल्या. मागच्या श्रावणात गेल्या. जाताना फौजदाराला माझ्या गळ्यात मारून गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, मुक्या जिवानं असं काय केलं? सांगते. चपलेत पाल. पिठाच्या डब्यामागे चिचुंद्री. माझ्या गादीवर, बरोब्बर मी झोपते त्या बाजूला, उंदीर. कधी अख्खा, कधी नुसता मागचा भाग. हे सगळं मी तेरा महिने मुकाट्यानं उचललं. मुकाट्यानं म्हणजे बडबड करत, पण उचललं. परवा मात्र मुलाच्या सासरकडची मंडळी पहिल्यांदाच घर बघायला आली. होणाऱ्या विहीणबाई सोफ्यावर टेकल्या, पाठीशी उशी घ्यावी म्हणून त्यांनी हात मागे घातला आणि हाताला लागला उंदीर. बाई सालस. काही बोलल्या नाहीत. हात धुवायला म्हणून गेल्या आणि वीस मिनिटं धूतच राहिल्या. पाहुणे फाटकाबाहेर पडले आणि मी सोपानला फोन लावला.

मग झोप का येत नाही? कारण मी शब्द दिलेला आहे. तोही प्रवरेच्या घाटावर, वन्संच्या दहाव्याला, कावळ्यासमोर. पिंडाला कावळा शिवत नव्हता. तास झाला. ह्यांनी सांगितलं, अक्का, तुझी पुस्तकं शाळेला देतो. मुलानं सांगितलं, आत्या, मी लग्न करतो. कावळा ढिम्म. वडाच्या फांदीवरून मान वाकडी करून नुसता बघत होता. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेताला आले. तेवढ्यात माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं. बघते तर फौजदार, घरापासून आमच्या मागोमाग आलेली आणि पिशव्यांच्या आड बसलेली. मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि वर बघून म्हणाले, "वन्सं, हिला मी मरेपर्यंत सांभाळीन." झालं. कावळा खाली आला आणि भाताला शिवला. गुरुजींसकट सगळ्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून घरात ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली जाते.

आणि तीच मी आज मांजर पोत्यात घालून द्यायला निघाले आहे.

पंखा कुईकुई करतोय. ह्यांना तेल घाला म्हणून सांगून महिना झाला. कुईकुई लांब जाते, जवळ येते, मग थांबते. पायाशी गादी दबते. मांजर आलं असणार म्हणून मी पाय झाडते.

"पाय काय झाडतेस, हेमलता? मी आहे."

वन्सं बसल्या आहेत. तीच पिवळट साडी, तोच पदराला खडूचा पांढरा हात पुसलेला. तब्येत चांगली दिसते आहे. मी विचारते, "चहा टाकू?"

"टाक. आणि साखर घाल. आता मला कसला डायबिटीस?"

मी स्वयंपाकघरात जाते. ओटा लांबच लांब आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या टेबलासारखा. टेबलच आहे ते. गॅसच्या जागी स्पिरिटचा दिवा, आणि फळीवर माझ्या लोणच्याच्या बरण्या. बरण्यांत लोणचं नाही. एकीत पाल आहे. चिठ्ठीवर वन्संचं वळणदार अक्षर: 'चपलेतली, कार्तिक.' पुढची: 'चिचुंद्री, डब्यामागची.' पुढची: 'उंदीर, विहीणबाई.' सगळं तारीखवार लावलेलं.

शेवटच्या बरणीत लिमलेटच्या गोळ्या आहेत.

"ह्या कुणी आणल्या?"

"त्या माझ्या," वन्सं म्हणतात.

मला ठाऊक आहे त्या कुठल्या. आमची भांडणं व्हायची. फोडणीवरून, टीव्हीच्या आवाजावरून, कशावरूनही. चुकलं असं वन्संनी जन्मात कधी म्हटलं नाही. पण भांडण झालं की दुपारी माझ्या उशीवर लिमलेटची एक गोळी असायची. मी ती खायची. मिळाली असं मीही कधी म्हटलं नाही. एकतीस वर्षं असंच चाललं.

वन्सं हातात पट्टी घेऊन फळ्यापाशी उभ्या आहेत. मी पहिल्या बाकावर आहे, चहाचं भांडं चिमट्यात धरून.

"सांग, मांजर शिकार घरी का आणतं?"

"मला छळायला."

"चूक. पुढे."

"भेट म्हणून. सगळे तेच म्हणतात."

"म्हणोत. मांजरानं कुणाला सांगितलंय?" त्या फळ्यावर एक घर काढतात, दार, खिडकी, वर कौलं. "उघड्यावर खायला बसलं तर दुसरं कुणी हिसकावून नेतं. म्हणून ते आपल्या खात्रीच्या जागी आणतं. आणल्यावर बघतं तर ताटलीत दूधभात तयार. मग राहू दे म्हणतं, नंतर बघू. कुठंतरी सारून ठेवतं आणि विसरतं. हे एक. दुसरं, मांजरी पिल्लांसाठी आणते. आधी मेलेलं, मग अर्धमेलं, मग जिवंत. शिकवते त्यांना."

"हिला कुठली पिल्लं? तुम्हीच तिचं ऑपरेशन करून आणलंत."

"म्हणून काय झालं? शिकवायची खोड जात नाही," वन्सं म्हणतात. "समोर जो ढ बसलेला असेल त्याला शिकवायचं."

"म्हणजे मी."

"तुला अजून एक पाल धरता येत नाही, हेमलता."

मला राग येतो. स्वप्नातही ह्या बाई मला सोडत नाहीत. "मग माझ्याच गादीवर का? ह्यांच्या का नाही? इतकी वर्षं कधी माझ्याकडे फिरकली नाही ती."

"इतकी वर्षं माझ्या पलंगाखाली आणायची. मी सकाळी केरात गुंडाळून टाकायचे, तुम्हाला पत्ता नाही. मी गेल्यावरसुद्धा ती पंधरा दिवस तिथंच ठेवत होती."

खरं आहे. वास येत होता. मी खोली धुतली, फिनेल टाकलं आणि ह्यांच्याकडून पलंग खोलून माळ्यावर ठेवून घेतला.

"पलंग गेला," वन्सं म्हणतात. "मग तिनं घरभर हिंडून दुसरी जागा शोधली. तिला खात्रीची वाटेल अशी."

चहा उतू जातो आणि त्याचं पाणी माझ्या पायांवरून पायऱ्या उतरत खाली जातं. घाट आहे. खाली प्रवरा आहे. आम्ही दोघी वडाच्या फांदीवर बसलो आहोत, पाय सोडून, आणि मला माझ्या वयाची जराही भीती वाटत नाही. वन्संच्या पलीकडे कावळा बसलाय.

खाली दहावा चाललाय. ह्यांचं टक्कल वरून छान चमकतंय. मी स्वतःला बघते, डोक्यावरून पदर घेतलेली, रडून नाक लाल झालेली. ह्यांचं चाललंय, "अक्का, तुझी पुस्तकं शाळेला देतो."

"नको म्हणावं," वन्सं म्हणतात. "शाळेत वाळवी आहे."

"मग तुम्ही येत का नव्हता? कशात अडकला होता तुमचा जीव?"

"माझा कुठं अडकला होता? ह्याला विचार." त्या कावळ्याकडे बोट दाखवतात. "आणि खाली नीट बघ. पिशव्यांच्या मागे."

मी बघते. पिशव्यांच्या मागे राखाडी शेपटीचं टोक आहे. ते हळूहळू इकडून तिकडे हलतंय. त्याच्या पुढे दोन कान, चपटे केलेले, आणि दोन डोळे, कावळ्यावर रोखलेले. पिंड आणि फौजदार, दोघांमध्ये जेमतेम हातभर अंतर.

मग खालची मी तिला उचलून कडेवर घेते. कावळा एकदा खात्री करून घेतो आणि भुर्रकन खाली उतरतो. गुरुजी डोळे पुसतात.

मला इतकं हसू येतं की फांदी हलते. वन्संही हसताहेत, पदर तोंडाला लावून. आम्ही दोघी अशा एकत्र शेवटच्या कधी हसलो होतो ते मला आठवत नाही.

"तेव्हा तुझ्या शब्दाचं म्हणशील," वन्सं डोळे पुसत म्हणतात, "तर तो माझ्यापर्यंत आलेलाच नाही. तू मोकळी आहेस. खुशाल दे सोपानला."

माझं हसू थांबतं. "म्हणजे? मग तेरा महिने मी हे उंदीर कुणासाठी उचलले?"

"तेच मी विचारायला आले."

गिरणीचा पट्टा फटफट वाजतोय. सगळीकडे पीठ आहे, जमिनीवर, खिडकीवर, वन्संच्या केसांवर. सोपान दिसत नाही. पिठातून फौजदार चालली आहे. तोंडात उंदीर आहे, आणि त्या भरल्या तोंडानं ती हाक मारते आहे. मांजराच्या तोंडात शिकार असली की ते एक निराळाच आवाज काढतं, घशातला, आपण पानाचा विडा तोंडात ठेवून बोलावं तसा. ती ह्या कोपऱ्यात जाते, थांबते, हाक मारते. त्या कोपऱ्यात जाते. पोत्यांच्या मागे बघते. पुन्हा हाक मारते. उंदीर कुठंच ठेवत नाही. तिला इथं ठेवायला जागा नाही.

"अगं, ठेव कुठंही," मी म्हणते. तिला ऐकू जात नाही.

"वन्सं, तुम्ही बोलवा तिला. तुमचं ऐकेल ती."

"माझा पलंग माळ्यावर आहे," वन्सं म्हणतात.

आता मला रडू येतं, आणि ते मी लपवत नाही. "तुम्ही गेल्यापासून घरात भांडायला कुणी नाही," मी म्हणते. "हे तर सगळ्याला हो म्हणतात. मला तुमची फार आठवण येते, वन्सं. ती मेली उंदीर टाकते तेव्हा निदान मी ओरडते तरी. घरात कुणावर तरी ओरडते."

वन्संना असलं बोलणं कधीच जमलं नाही. त्या नुसता माझ्या गुडघ्यावरचा पिठाचा डाग झटकतात. मी खाली पिठात बसते, पदर पसरते आणि हाक मारते, "फौजदार, इकडे. इकडे ये गं."

तो घशातला आवाज जवळ येतो. अगदी कानाशी येतो.

मी डोळे उघडते. पंखा कुईकुई करतोय. कानाशी खरंच तो आवाज आहे. फौजदार उशीशी उभी आहे, मिशा पुढे काढून, तोंडात काहीतरी धरून. ती मान खाली घालते, ते माझ्या उशीवर ठेवते आणि मागे सरून बघत बसते.

कावळ्याचं पीस आहे. शेपटीचं, लांब, काळं, तुकतुकीत. टोकाला थोडं ओलं. बाहेर शेवग्यावर एक कावळा सगळ्या आळीला गोळा करून ओरडतोय, आणि बसताना त्याचा तोल जातोय.

तेवढ्यात दाराची बेल वाजते. सोपान आलाय. तो ह्यांच्याशी बोलतोय, पोतं काखेत आहे. मी केस सारखे करत बाहेर जाते.

"सोपान, चहा घेऊन जा. मांजर देत नाही मी."

"अहो काकू, तुम्हीच तर फोन केलात."

"केला होता. आता देत नाही. गिरणीला पिंजरा लाव."

हे माझ्याकडे बघतात, डोळे ओले करतात. "अक्काला दिलेला शब्द आठवला ना तुला?"

"शब्दाचा काही संबंध नाही," मी म्हणते. "तो कावळा मांजराला भीत होता."

ह्यांना काही कळत नाही. ते हो म्हणतात.

चहाचं आधण ठेवून मी परत खोलीत येते. पीस उशीवरच आहे. बाहेर ठेवलं तर हे केरात टाकतील, आणि देवघरात ठेवायची ही वस्तू नव्हे. मी जरा विचार करते, दार लोटून घेते आणि गादीचा कोपरा उचलून ते खाली सारून ठेवते. फौजदार पुढे येऊन तो कोपरा हुंगते, स्वतःभोवती दोनदा फिरते आणि त्याच्यावरच बसते. बसून माझ्याकडे बघते.

"मिळालं," मी म्हणते.