ताटीवर वाळवलेली पुस्तकं

कसरीची मला शिसारी आहे. झुरळ निदान समोर येतं, वहाण घेऊन त्याच्या मागे धावता तरी येतं. ही बया पुस्तक उघडलं की पानांच्या बेचक्यातून सळकन सरकते आणि दिसेनाशी होते. चुकून बोटाखाली सापडलीच, तर नुसती करडी भुकटी उरते. त्यातून लोणावळ्याचा पावसाळा. पंचे वाळता वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी चुलीशेजारी ठेवली तरी काडी पेटत नाही. अशा दिवसांत बंद कपाटात कसर अगदी सुखाने नांदते.

आमच्या घरात तसं एक कपाट होतं, यांच्या पुस्तकांचं. हे पुण्यात शाळेत गणित शिकवायचे. छाती धरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलं, म्हणून आम्ही लोणावळ्यात लहानसं कौलारू घर घेतलं. हवेने दिली तेवढी वर्षं दिली आणि एका माघात हे गेले. तेराव्याला रीतीप्रमाणे कोट, धोतरं, गादी, छत्री, वहाणा, तपकिरीची डबीसुद्धा, सगळं दानात गेलं. मला कुणी विचारलं नाही. पुस्तकं कुणाला नको होती, म्हणून ती तेवढी राहिली.

यांना तपकिरीचं भारी वेड. उभा जन्म मी त्या तपकिरीवर करवादले. रुमाल धुताना नाक मुरडलं, अंगरख्यावर पडली म्हणून बोलले, नातवासमोर तरी ओढू नका म्हणून भांडले. हे हसायचे आणि डबी कनवटीला लावायचे. वाचतानाही एक हात डबीत असायचा, त्यामुळे पानापानावर तपकिरीचं बोट उमटलेलं. हे गेल्यावर एकदा दुपारी मी ते कपाट उघडलं आणि तो वास भस्सकन अंगावर आला. तपकीर, खोबरेल, जुना कागद. मी तिथेच खाली बसले. भिंतीवर यांचा फोटो होता, पण त्यात हे पगडी घालून फोटोवाल्याकडे बघतायत, माझ्याकडे नाही. माझं माणूस त्या कपाटात होतं. मग रोज दुपारची कामं आटोपली की मी दार उघडायची, एखादं पुस्तक नाकाशी धरायची आणि पुन्हा कुलूप लावायची. वाचायला मला येत होतं, पण त्या गणिताच्या पुस्तकांत मी काय वाचणार!

आषाढात पहिली कसर दिसली. तंबाखूला कीड लागत नाही म्हणतात, पण पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना खळ असते ना, तिच्यावर ही जात तुटून पडते. बघता बघता पाठींचे पापुद्रे निघायला लागले. शेजारणी म्हणाल्या, डांबराच्या गोळ्या टाका. गोळ्यांचा वास घेऊन मी काय करू? वेखंड टाका म्हणाल्या, तोही तसलाच उग्र. कडुलिंबाचा पाला आणला तर तो ओल्या हवेत कुजला. शेवटी मी एकेक पुस्तक झटकून हाताने कसर टिपायला लागले. पण दार जितकं उघडं ठेवावं तितका वास उडून जातो, हेही कळत होतं. त्यामुळे भराभर झटकायचं आणि पटकन दार लावायचं, असा माझा वेडा खटाटोप चालला होता.

तेवढ्यात पुण्याहून लेकीचा निरोप आला. तिचं दुसरं बाळंतपण, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जाणं भाग होतं. आमच्याकडे बागेचं आणि वरकामाचं बघायला जवळच्या कुरवंडे गावचे एक वयस्क गृहस्थ यायचे. मी त्यांना आबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मावशी. नवराबायको दोघं अगदी जिवाला जीव देणारी. आबांच्या हातात मी किल्ली ठेवली आणि म्हटलं, "आबा, घर गळलं तरी चालेल, पण हे कपाट सांभाळा. यांची एवढीच खूण राहिली आहे. कसरीला खाऊ देऊ नका."

"न्हाई खाऊ देत, बाई. तुमी बिनघोर जावा," आबा म्हणाले.

परत आले तेव्हा नवरात्र बसलं होतं आणि बाहेर कोरडं ऊन पडलं होतं. आबा आणि मावशी दोघंही ओसरीवर वाट बघत उभी. पाय धुवायलाही न देता आबांनी मला कपाटाशी नेलं आणि दार उघडलं. "बघा. येक बी किडा दिसला तर माझं नाव बदला."

आतून धूर आला. म्हणजे धूर नव्हे, त्याचा वास. चुलीचा, ओल्या लाकडाचा, गोवऱ्यांचा.

आबा कौतुकाने सांगत होते. त्यांच्याकडे प्रत्येक घरात चुलीवर कारवीच्या काठ्यांची ताटी टांगलेली असते. पावसाळ्यात बियाणं, मिरच्या, सुकट, ओली पांघरुणं, जे म्हणून वाळवायचं ते तिच्यावर. धूर आणि ऊब लागली की तिथे कीड टिकत नाही. म्हणून त्यांनी सगळी पुस्तकं थोडी थोडी करून, पानांच्या इरल्याखाली छातीशी धरून, भर पावसात कुरवंड्याला नेली होती. पाळीपाळीने ताटीवर ठेवली, पानं पानं उलटून धुरी दिली, आणि पुन्हा तशीच चिखलातून परत आणली. एकही भिजू दिलं नव्हतं.

मावशी म्हणाली, "सुकट समदी खाली काढली म्या. म्हनलं, सायबांची पुस्तकं, त्येंना वंगाळ वास नगो लागाया. पोरं लय कावली, पर पावसाळाभर न्हाई चढवली वर."

तिने वासाचा विचार केला होता. पावसाळ्यात त्या माणसांना भाकरीबरोबर तेवढं एक कालवण, तेही त्यांनी माझ्यापायी नासू दिलं होतं. मी एक पुस्तक काढलं, दुसरं काढलं, खालच्या फळीवरचं काढलं. तपकिरीची बोटं पानांवर होती तशीच होती. यांचा वास कशालाच नव्हता. रागवायला कुणी असतं तर बरं झालं असतं. मी मावशीचा हात धरला आणि म्हटलं, "फार केलंत हो माझ्यासाठी." ती दोघं खूश होऊन गेली. मग मी दार लावून मनसोक्त रडले. हे गेले त्या दिवशी चारचौघांत रडता आलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी रडले.

रात्री अंथरूण घालताना खिडकीच्या कोनाड्यात एक पुस्तक सापडलं. हे शेवटी वाचत होते ते. कपाटात नव्हतं, म्हणून आबांच्या हाती लागलं नव्हतं. नाकाशी धरलं आणि हे आले. त्यातून दोन कसरी पळाल्या. मी त्यांना मारलं नाही. पुस्तक तसंच, किड्यांसकट, पत्र्याच्या डब्यात घातलं आणि झाकण घट्ट बसवलं. खाऊ देत मेल्यांना काय खायचं ते, मला वास पाहिजे होता.

दर पावसाळ्यात आबा विचारायचे, "बाई, त्यो डबा तेवढा ऱ्हायलाय. द्या, वाळवून आनतो." मी काहीतरी सांगून टाळायची. कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांना कसर पुन्हा शिवली नाही, इतकं त्यांचं काम पक्कं होतं. डबा मी फार क्वचित उघडायची. वास पुरवून पुरवून वापरत होते. सणाला उघडायचा, यांच्या श्राद्धाला उघडायचा, आणि पान न उलटता पुन्हा बंद करायचा.

एका श्राद्धाला डबा उघडला आणि काहीच आलं नाही. पत्र्याचा गंजका वास तेवढा आला. मला वाटलं पडसं झालंय, म्हणून चार दिवसांनी पुन्हा उघडला. पुस्तक बाहेर काढून उन्हात नीट बघितलं. कसरीने पाठ खाल्ली होती, कडा कुरतडल्या होत्या, पण निम्म्याहून जास्त पुस्तक शाबूत होतं. त्यांचं खाणं अजून बरंच बाकी होतं. वास मात्र गेला होता, आणि तो काही त्यांनी नेला नव्हता. आबांनी ती पुस्तकं धुरावर धरली नसती, तरी आतापर्यंत तो त्या कपाटातूनही असाच गेला असता.

आबा बागेत झाडांना आळी करत होते. मी पुस्तक नेऊन त्यांच्या हातात दिलं. "हेही ठेवा तुमच्या ताटीवर."

त्यांनी हात धोतराला पुसले, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं आणि हळहळले. "आत्ता देताय व्हय, बाई? आधी दिलं असतं तर वाचलं असतं की."

मी म्हटलं, "नाही हो, आबा. नसतं वाचलं."