गाडीचं नाक वाऱ्याकडे

भानुदासदादांना कुणी पहिल्यांदा भेटलं की वाटतं, या माणसाला बोलायचा कंटाळा आहे. तसं नाही. त्यांना विषय लागतो, आणि त्यांचा विषय एकच, वारा. नेदरलँड्समधल्या आमच्या नायमेखन गावातली बाकी मराठी माणसं भेटली की व्हिसा, मुलांच्या शाळा आणि पुण्याहून कोण येणार आहे यावर बोलतात. भानुदास गजभिये मात्र तुमच्या खांद्यावरून पलीकडच्या झाडाकडे बघत म्हणतात, "नैऋत्येचा आहे. दुपारी फिरेल." आणि तो मेला खरंच फिरतो.

बावन्न वर्षांचा, ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस. इथल्या चिपच्या कारखान्यात क्लीनरूममध्ये शिफ्ट करतात. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत राहायचं, आणि हवासुद्धा गाळून आत सोडतात. त्याचा वचपा काढायला त्यांनी कॅम्पर घेतली, अशी आमच्या मराठी ग्रुपवरची थट्टा. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. मागे पलंग, मध्ये सीटबेल्ट असलेली बाकं आणि टेबल, कोपऱ्यात गॅसची शेगडी. दादांची गाडी वीस वर्षं जुनी. कपाटांची दारं रबरबँडनं बांधलेली, डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो, आणि बाहेर आरशाच्या दांडीला लाल लोकरीचा धागा. तो कुठे उडतो ते बघून वाऱ्याची दिशा कळते.

या गाडीतून ते स्वतः फारसे फिरत नाहीत, लोकांच्या आयांना फिरवतात. मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला भारतातून आलेल्या आया. तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात, स्वयंपाकघर, पाळणा आणि अल्बर्ट हाइनचं किराणा दुकान एवढाच नेदरलँड्स बघतात आणि परत जातात. दादांना पत्ता लागला की ते फोन करतात आणि आईंना एक दिवस समुद्रावर नेतात. गाडीचा नियम एकच. "माझ्या गाडीत आईनं हात ओला करायचा नाही." चहा ते करणार, उपमा ते करणार, भांडी ते विसळणार. उपम्यात मोहरी इतकी असते की दाताखाली फटाके फुटल्यासारखं वाटतं, पण बोलायची सोय नाही.

माझी आई सुमती नाशिक रोडहून आली ती माझ्या बाळंतपणाला. टपाल खात्यातून निवृत्त झालेली, चौसष्ट वर्षांची, आणि गप्प बसणं हा शब्द तिच्या कोशात नाही. मी तिच्यासाठी यादी करून ठेवली होती. ट्यूलिपची बाग, पवनचक्की, समुद्र. समुद्राला दोनदा अधोरेखित केलं होतं. आयुष्यभर पत्रांवर दूरदूरच्या गावांचे शिक्के मारलेल्या बाईला एकदा तरी या टोकाचा समुद्र दाखवायचा, हे मी ती विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं.

मग माझं सिझेरियन झालं. बाळाला पोटदुखी. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत आपोआप जाईल, म्हणजे नेमकी आई जाईल तेव्हा. माझा नवरा सुयश शिफ्टमध्ये, मी टाक्यांमुळे वाकडी, आणि आई रात्रभर बाळाला खांद्यावर घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी. दिवसा डिंकाचे लाडू, अळीव, धुरी, मालिश. सरकारी नियमानं आठ दिवस घरी येणारी डच नर्स आईचं तेल बघून घाबरली होती. शेवटच्या दिवशी तिनं स्वतःच्या मानेला चोळून घेतलं. आई जेवायची उभ्यानं, ओट्याशी. बस म्हटलं की म्हणायची, "बसले की उठवत नाही गं."

सत्त्याऐंशी दिवस असे गेले. दोन दिवसांनी तिचं विमान होतं आणि यादीतली एकही गोष्ट झाली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मी सगळ्यांवर खेकसत होते. त्यात एप्रिलच्या वादळाची बातमी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिवळा इशारा, संध्याकाळी नारिंगी. उंच गाड्यांनी बाहेर पडू नये, असं रेडिओ सांगत होता.

मी दादांना फोन करून म्हटलं, "राहू दे आता."

पलीकडे पडदा सरकवल्याचा आवाज आला. बहुधा खिडकीतून झाड बघत असावेत. मग म्हणाले, "सकाळी जाता येईल. दुपारी तीन ते चार उघडीप आहे, दोन वादळांच्या मधली. तेवढ्यात समुद्र बघायचा. चारला निघायचं म्हणजे निघायचं. पाण्याची टाकी पूर्ण भरून घेतो, तेजल. रिकामी गाडी वाऱ्याला आवडते."

सकाळी दारात येऊन त्यांनी आईला हात जोडले. "जय भीम, आई. आज तुम्ही पाहुण्या." आईनं दुधाच्या बाटल्या, दुपट्टी, लाडवांचा डबा आणि पोळीभाजी घेतली होती. त्यांनी लाडू ठेवून घेतले, पोळीभाजी सुयशला परत दिली.

रस्त्यावर वारा आडवा. मोकळ्या शेताजवळ आलो की गाडी कुणी खांद्यानं ढकलल्यासारखी बाजूला सरकायची. ट्रक शेजारून गेला की क्षणभर शांत, आणि तो पुढे गेला की पुन्हा धक्का. दादा दोन्ही हातांनी चाक धरून सत्तरच्या वर गेले नाहीत. आई बाळाच्या खुर्चीवर हात ठेवून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, "यांना चहा देऊ का करून?" वाटेत थांब्यावर ती शेगडीपाशी उठून उभी राहिलीच. दादा मागे न बघता म्हणाले, "आई, नियम." ती चोरी पकडल्यासारखी खाली बसली.

झेलंडच्या किनाऱ्याला पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. समोर समुद्र अडवणारा गवताचा उंच बांध, त्याच्या पायथ्याशी मोकळा वाहनतळ, आणि त्यावर आमची एकटीच गाडी. समुद्र बांधाच्या पलीकडे. दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. दार उघडायला गेले तर वाऱ्यानं ते माझ्या हातातून हिसकावलं. दादांनी लोकर बघितली, गाडी फिरवली आणि तिचं नाक बरोबर वाऱ्याकडे करून उभी केली. आत एकदम हलणं कमी झालं. "वाऱ्याला कूस दिली की तो झोपू देत नाही," ते म्हणाले. "तोंड दिलं की जरा ऐकतो."

उपमा झाला. आईनं ताटली पदराआड घेऊन पुसायचा प्रयत्न केला, तो दुसरा गुन्हा. मग दादांनी पलंगावर घोंगडी घातली. "तीनला अवकाश आहे. जरा आडव्या व्हा."

"मला दुपारची झोप येत नाही हो. पाच मिनिटं पडते नुसती," आई म्हणाली. बाळाला मी बाकावर घेतलं. छपरावर पाऊस वाजत होता, गाडी पाळण्यासारखी बारीक हलत होती. पाच मिनिटांनी बघितलं तर आई झोपली होती.

मी माझ्या आईला झोपलेलं कधी बघितलं होतं? खूप आठवून बघितलं. ती माझ्या आधी उठते आणि माझ्यानंतर निजते, एकतीस वर्षं. तोंड जरासं उघडं, चष्मा नाकावर तसाच, एक हात छातीवर थोपटण्याच्या बेतात थांबलेला. मी चष्मा काढून घेतला तरी तिला कळलं नाही.

दोनच्या सुमाराला वारा फिरला. गाडी आडवी डुलायला लागली, कपाटातले कप एकमेकांवर आपटले आणि आईच्या कपाळाला आठी पडली. दादा पुढे गेले, इंजिन सुरू केलं आणि पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसापेक्षाही हळू, गाडी वळवत नेली. लोकर सरळ मागे उडायला लागली तेव्हा थांबले. आईची आठी गेली. पुढच्या तासाभरात त्यांनी असं चार वेळा केलं. दर वेळी उतरून पावसात लोकर बघायची, पुन्हा चढायचं, नाक वाऱ्याकडे. जॅकेटमधून पाणी निथळत होतं. मला वाटलं, काय वेडा माणूस आहे.

बरोबर तीनला पाऊस थांबला. ऊन पडलं, बांधाचं गवत हिरवंगार चमकलं. मी उठले. "आई," असं म्हणायला तोंड उघडलं आणि दादांनी हात वर केला.

"नको उठवू."

"अहो, एकच तास आहे! उद्या ती जाणार. समुद्र न बघताच?" मी दबक्या आवाजात ओरडले. दबक्या आवाजात ओरडायला बाळंतिणीला छान जमतं.

ते स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते. माझ्याकडे न बघता बोलायला लागले, आणि वाऱ्याखेरीज काही बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"माझी वल्लरी झाली तेव्हा माझी आई आली होती. असेच तीन महिने. मी शिफ्टला, बायकोला ताप. सगळं आईनं केलं. शेवटच्या दिवशी माझं मन खायला लागलं, म्हणून तिला ट्यूलिपच्या बागेत नेलं. सकाळी सहाला उठवून. दिवसभर चालवलं. येणाऱ्या जाणाऱ्यांच्या हातात कॅमेरा देऊन तिच्याबरोबर बावीस फोटो काढले. सगळ्या फोटोंत तिचे डोळे मिटलेले. मला वाटलं, लोकांना बटण दाबता येत नाही." त्यांनी काचेवरची वाफ हातानं पुसली. "दोन वर्षांनी आई गेली. पुढे एकदा ते फोटो काढून बसलो होतो. वल्लरी चार वर्षांची. तिनं बघितलं आणि डचमध्ये म्हणाली, ओमा स्लाप्ट. आजी झोपलीय. मुलीला कळलं, तेजल. मला कळलं नव्हतं. मी माझ्या झोपलेल्या आईला दिवसभर फुलं दाखवत होतो."

मी बाळ त्यांच्या हातात दिलं आणि एकटीच खाली उतरले.

बांध चढताना टाके ओढत होते. वर पोचले. समुद्र राखाडी होता, तपकिरी फेसाचा, आणि इतका मोठा की मी लहान मुलीसारखी रडले. आईला दाखवायचा राहिला म्हणून रडले, आणि खरं सांगायचं तर हेही कळलं म्हणून रडले, की तो मला तिच्यासाठी नाही, माझ्यासाठीच दाखवायचा होता. मी दाखवला, असं म्हणता यावं म्हणून. मागे वळून खाली बघितलं. रिकाम्या वाहनतळावर ती जुनी गाडी वाऱ्याकडे नाक करून उभी होती आणि आत माझी आई झोपली होती. मी मोबाइलवर समुद्र घेतला आणि खाली आले. तिला उठवलं नाही.

चारला दहा कमी असताना गारा पडायला लागल्या. छपरावर असा ताशा वाजला की आई ताडकन उठून बसली. "बाळ रडतंय का?"

बाळ दादांच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. आईनं खिडकीतून काळं आभाळ बघितलं, घड्याळ बघितलं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा पाचवीत गेले. "समुद्र झाला? उठवायचं नाही होय गं? एवढा लांब माणूस घेऊन आला, काय म्हणेल!"

"त्यांनीच अडवलं मला," मी म्हटलं, आणि एकदा सुरू झाल्यावर सगळंच सांगून टाकलं. बाग, बावीस फोटो, वल्लरी काय म्हणाली ते. दादा समोरच्या काचेकडे बघत होते. मला मध्येच वाटलं, चुकलं आपलं, हे सांगायचं नव्हतं.

आईनं चष्मा लावला. माझा व्हिडिओ बघितला. "राखाडीच आहे की," म्हणाली आणि मोबाइल परत दिला. मग उठून, बाकाचा आधार घेत, दादांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"भानुदास, त्या फोटोंत ती कुठं टेकून उभी आहे?"

दादांनी मान वळवली. "माझ्या खांद्याला."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"मग झाली की रे तिची झोप," आई म्हणाली. "उभ्या उभ्या झोपायला बाईला भिंत लागते, नाहीतर आपलं माणूस. तीन महिने तू कामावर होतास. त्या दिवशी दिवसभर सापडलास. फुलं कोण बघतं?"

दादांनी बाळाचं दुपटं नीट केलं. आईनं बाळ त्यांच्याकडून घेतलं नाही, तिथेच राहू दिलं. ती शेगडीपाशी गेली, रबरबँड सोडून डबे हुडकले, आलं ठेचलं आणि पातेलं चढवलं.

चारला निघायचं म्हणजे निघायचं होतं. आम्ही सव्वाचारला निघालो. त्या पंधरा मिनिटांत आईनं चहा केला, तिघांना दिला, लाडवांचा डबा उघडला आणि कप विसळूनही ठेवले. भानुदासदादांनी दोन कप घेतले आणि नियमाचं नावसुद्धा काढलं नाही.