तेरा खटके आणि रागिणी खंडारे

आमच्या ऑफिसात तेरा खटके होते. पाच पंख्यांचे, चार ट्यूबलाइटींचे, तीन कॉम्प्युटरांचे आणि एक कूलरचा. हे मला आजही तोंडपाठ आहे, कारण एकवीस वर्षं रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते तेराही खटके मी माझ्या हाताने बंद केले. अमरावतीतल्या एका शिक्षण संस्थेचा मी बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, उत्तमराव ढोले. माझ्यामागे सगळे मला ‘खटकेबंद’ म्हणत. म्हणोत बापडे. लिहायला बसलो आहे ते रागिणी खंडारेबद्दल, पण माझ्या खटक्यांशिवाय तिची गोष्ट सांगताच येत नाही.

दोन हजार एक साली आमच्या रेकॉर्डच्या खोलीत कोणीतरी चहाची विजेची शेगडी चालू ठेवून घरी गेलं. सकाळी आलो तर खिडकीतून धूर. धारणीला आमची एक जुनी शाळा आहे, तिची एकसष्ट ते सदुसष्ट सालची दाखल-खारीज रजिस्टरं जळून गेली. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, जात, कधी आला, कधी गेला, हे सगळं त्या रजिस्टरात असतं. नातवाचा दाखला काढायचा तर आज्याचं पान लागतं. पुढं एकदा धारणीच्याही पलीकडच्या गावाहून एक म्हातारा जीप आणि एसटी करत आला. चौसष्ट सालचं स्वतःचं पान त्याला हवं होतं. जळालं म्हणून मी सांगितलं. “बरं साहेब,” एवढंच म्हणाला आणि बाकावर जरा वेळ बसून निघून गेला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी खटक्यांच्या बाबतीत कोणाचं ऐकलं नाही.

रागिणी आमच्याकडे बावीस साली आली, कंत्राटावर. वलगावची पोरगी, स्कूटीवर येणारी, तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “काका, खुर्ची सरकवा, मले खालची वायर पाहाची हाय.” एकवीस वर्षांत मला कोणी खुर्ची सरकवायला सांगितलं नव्हतं. मी सरकवली, पण मनात नोंद केली.

तिचा बाप सहदेव खंडारे वलगाव पंचक्रोशीत विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करायचा. बापाच्या मागे मागे हिंडून ही वायर, फ्यूज, स्टार्टर शिकली आणि मग अमरावतीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. तिला येत नाही असं काही नव्हतं, आणि तसं ती स्वतःही सांगायची. नम्रता वगैरे भानगड तिच्यात नव्हती. मला सुरुवातीला ते खुपायचं. नंतर लक्षात आलं, की ही जे येतं म्हणते ते हिला खरंच येतं. असली माणसं सरकारदरबारी मला फार कमी भेटली.

तिला दिलेलं काम असं. उरलेल्या सगळ्या जुन्या रजिस्टरांची चौदा हजार पानं स्कॅन करायची, म्हणजे कागद गेला तरी नोंद राहील. मुदत एकतीस मार्च. सचिव माधवी मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, काम वेळेत झालं तर कंत्राट पुढे चालेल, नाहीतर नमस्कार. रागिणी म्हणाली, “होते मॅडम. तुमी फिकर नोका करू.”

कॉम्प्युटर तीनच आणि माणसं नऊ. प्रत्येकाने आपापल्या नावाने आत शिरायचं, काम करायचं आणि बाहेर पडायचं. त्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर दिवसभर गर्दी असे, म्हणून स्कॅन केलेली पानं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं काम ती संध्याकाळी सहाला लावून जायची. ते चार तास आपोआप चालायचं. आमच्या अकोल्याच्या शाळेतला योगेश नावाचा क्लार्कही तिथे बसल्या बसल्या याच कॉम्प्युटरात शिरून, पानांवरची नावं टाइप करायचा. मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. पडदा काळा झाला म्हणजे मशीन झोपलं, एवढंच माझं ज्ञान.

पंधरा दिवस रोज सकाळी काम अर्धवट सापडायचं. माधवी मॅडमनी सगळ्यांसमोर तिला फैलावर घेतलं. रागिणी शांतपणे ऐकून आली, मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसली, कुठल्या तरी यादीत शिरली आणि दहा मिनिटांनी तिने मला बोलावलं.

“काका, हे पाहा. रोज सहा वाजून बारा मिनिटं. मशीन कोनं बंद केलं, ते मशीन स्वतः लिहून ठेवते.”

ओळीने पंधरा तारखा आणि प्रत्येकीपुढे माझं नाव. मी काही चोर नव्हतो, मान खाली घालायला.

“हो, मीच करतो,” मी म्हटलं. “एकवीस वर्षं करतो. तू इथं येऊन दोन महिने झाले.”

“काहून करता, तेवढं सांगा.”

मी सांगितलं. शेगडी, धूर, धारणीचा म्हातारा, सगळं. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि ही तिच्यासाठी मोठी गोष्ट होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “तुमचं भेव खरं हाय. पण इलाज चुकला. आता मी पाहते.” मॅडमकडे ती माझी तक्रार घेऊन गेली नाही. त्या वेळी मला वाटलं, घाबरली.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला मी मोठ्या कॉम्प्युटरशी गेलो. रोजच्या जागी बंद करायचा पर्यायच नव्हता. फक्त ‘बाहेर पडा’. खाली लिहिलेलं, सध्या वीज बंद करण्याचे पर्याय उपलब्ध नाहीत. मी डब्यावरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरायचं तर सुचलंच नाही. माझ्या ऑफिसातलं मशीन मला बंद करता येत नव्हतं!

माझं डोकं फिरलं. पोटचं पोर उलटून बोललं तरी मी एवढा चिडलो नसतो. मी टेबलाखाली वाकलो आणि भिंतीवरचा खटका खाड्कन पाडला. बॅटरीचा डबा टूं टूं ओरडायला लागला. ओरड लेका म्हटलं, आणि कुलूप लावून घरी गेलो. त्या दिवशी मला जेवणही गोड लागलं, हे कबूल करतो.

सकाळी डिस्क उघडेना. कॉपी चालू असताना बॅटरी संपली आणि मशीन धाड्कन बंद पडलं, त्यात तीन दिवसांची अठराशे पानं गेली. तुम्ही म्हणाल, पुन्हा स्कॅन करायची. पण जुना कागद तो. त्यातली अकरा पानं पहिल्यांदा उलटतानाच मोडली होती, त्यांचे आता तुकडे उरले होते. तेवढ्यात अकोल्याहून योगेशचा फोन आला, तो नेमका मीच उचलला. “बडेबाबू, काल पहिल्यांदा सांजच्याले बसलो, तं कोनं बंद केलं जी? माही दीडशे नावं गेली ना बाप्पा! टाइप करता करताच पडदा गायब.”

मी इथे खटका पाडतो आणि शंभर किलोमीटरवर अकोल्यात एका माणसाचं काम मरतं, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी असं समजलं.

अकरा वाजता मॅडमनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. रागिणीचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलेलं होतं, कंत्राट संपल्याचं.

“मशीन सांभाळायची जबाबदारी तुमची होती,” मॅडम म्हणाल्या. “कोणी बंद केलं?”

“मशीनचं इचारा, मी उत्तर देते,” रागिणी म्हणाली. “बटण बंद केलं, भिंतीवरचा खटका राहिला. ते माही चूक. मानसाचं नाव मी घेनार नाई. पन मॅडम, माहा बाप विहिरीत उतराच्या आधी स्टार्टरचे तिन्ही फ्यूज काढून सोताच्या खिशात ठेवते. विहिरीचा मालक भला असो का सज्जन असो, फ्यूज त्याच्या हाती देत नाई. म्हनून माह्या बापाचे दाहाही बोटं शाबूत हायेत. मशीनवर काम चालू असलं, तं बंद कराचा हक्क कोनाच्याच हाती पाह्यजे नाई. बडेबाबूच्या नाई, माह्या नाई, तुमच्याही नाई. एवढं लिहून द्या, एकतीस मार्चच्या आत मी काम देते. नसन द्याचं, तं ते पत्र द्या.”

मॅडमच्या तोंडावर ‘तुमच्याही नाही’ म्हणणारं माणूस त्या केबिनने पाहिलं नव्हतं. मॅडमनी पत्राकडे हात नेला.

मी उठलो. “मॅडम,” मी म्हटलं, “खटका मी पाडला. पत्र द्यायचं तर माझ्या नावाने टाइप करा.”

माझ्यासारख्या म्हाताऱ्या बैलाला पत्र देऊन आणखी कामं अडवून घेण्यापेक्षा, मॅडमनी शहाणपणा केला. त्यांनी ते पत्र फाडलं आणि रागिणीला हवं ते लिहून दिलं. जाता जाता मला एवढंच म्हणाल्या, “बडेबाबू, तुम्ही रेकॉर्ड वाचवायला निघाला होतात ना?” हे वाक्य मला अजून टोचतं.

रविवारी रागिणी बापाला घेऊन आली. सहदेव खंडारे, बारीक अंगाचा, खिशात टेस्टर. त्याने सगळं वायरिंग उकललं, दोन जळक्या जोडण्या काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि नवीन पेटी बसवली. तार तापली, ठिणगी पडली, की तिचा खटका आपला आपण पडतो. त्याने मुद्दाम तारेला तार लावून मला तो पडताना दाखवला. “आता आग तुमी नाई, हे पेटी राखते,” तो म्हणाला. “तुमी घरी जाऊन झोपा निवांत.” मी तीनदा दाखवायला लावलं, त्याने तीनदा दाखवलं. पोरीत हा गुण कुठून आला, ते त्या दिवशी कळलं.

मोडलेली अकरा पानं रागिणीने काचेखाली तुकडा तुकडा जुळवली, आणि शेजारी बसून अक्षरं मी लावून दिली. जुनी मोडी वळणाची सही वाचायला तिला कुठे येत होती! “काका, हे मले येत नाई,” असं ती म्हणाली तेव्हा मला कोण आनंद झाला. एकोणतीस मार्चला चौदा हजारावं पान चढलं. कंत्राट पुढे चाललं आणि पुढच्या वर्षी ती कायम झाली. त्या दिवशी माणिकबाईंनी, तिच्या आईने, ऑफिसभर पुरतील एवढे मांडे पाठवले होते.

मी मात्र तीन वर्षं त्या मोठ्या कॉम्प्युटरसमोरून रोज सहा दहाला गेलो आणि त्याला हात लावला नाही. बाकीचे खटके पाडायचो. त्याच्याकडे बघून घ्यायचो फक्त.

पंचवीस सालच्या जून अखेरीला मी निवृत्त झालो. शाल, नारळ, भाषणं झाली. माझ्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलले की मला वाटलं आपण गेलोच. सगळे पांगल्यावर रागिणी मला मोठ्या कॉम्प्युटरशी घेऊन गेली.

“काका, आजच्या दिवस तुमचं नाव मशीन बंद कराच्या यादीत टाकलं. मॅडमची सही घेतली. आज मशीन तुमी बंद करा.”

“आणि तुझा कायदा?”

“कायदा माहाच हाय ना. एका दिवसाले मोडते.”

मी माझ्या नावाने आत शिरलो. खाली कोपऱ्यात तो पर्याय परत आला होता. ‘बंद करा’. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी त्यावर टिचकी मारली.

पडद्यावर एक चौकोन उघडला. या कॉम्प्युटरवर आणखी एक जण काम करत आहे. आता बंद केल्यास त्याचं न साठवलेलं काम जाऊ शकतं. खाली दोन बटणं, ‘तरीही बंद करा’ आणि ‘रद्द’.

मी रागिणीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी खिशातून मोबाइल काढला आणि अकोल्याला लावला.

“योगेश, तू आहेस का रे आत?”

“हाव जी बडेबाबू. धारनीवाले जुने दाखले आले ना गावागावातून, रागिणीताईनं मागवले होते. लोकायनं घरी पेटीत जपून ठेवलेले. ते चढवून राहिलो. चौसष्ट साल चालू हाय, बेचाळीस नावं सापडली आतापर्यंत. काहून? बंद कराचं हाय का?”

चौसष्ट साल. बाकावर बसलेला तो म्हातारा मला दिसला, पाय जवळ घेऊन बसलेला. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. त्या बेचाळिसांत असेल किंवा नसेल, पण आज नाही तर उद्या त्याच्या नातवाला ‘जळालं’ हे उत्तर मिळणार नव्हतं.

“नाही रे,” मी म्हटलं. “चालू दे तुझं.”

मी ‘रद्द’ दाबलं, माझ्या नावातून बाहेर पडलो, आणि जाताना खोलीतला पंखा तेवढा बंद केला.