मिस्त्रींचा बहुरुप्या

आलापल्लीचे मिस्त्री माणसाचं नाव नंतर विचारत, त्याचं कोपर आधी बघत. मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानासमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी रंधा थांबवला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं टेबल दोन बोटं उंच हाय बाई. खांदे दुखत असतीन." खांदे खरंच दुखत होते. चंद्रपूरहून येऊन मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात कम्प्युटरचे क्लास घेत होते आणि संध्याकाळपर्यंत माझी मान वळेनाशी होई. दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन आले आणि टेबलाचे चारही पाय कापून गेले. बोटांनीच मोजून. टेप होता त्यांच्याकडे, पण तो खिळ्याला टांगलेला असे, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

पंचावन्नच्या आसपास वय, भुवयांत कायम सागाचा भुसा, आणि आवाज असा की वाटावं, हा माणूस आठ दिवस झोपलेला नाही. कुणी काही काम सांगितलं की ते एकच शब्द म्हणत, "पाहू." 'हो' नाही, 'नाही'ही नाही, 'पाहू'. मग ते काम होऊनच जाई. त्यांच्या त्या 'पाहू'त उत्साह नावालाही नसे. मला त्या दिवसांत उत्साही माणसं सहन होत नसत, म्हणून असेल, मिस्त्री मला आवडले.

दुकानाच्या मागे त्यांचं घर. तिथे खाटेवर त्यांची बायको, सगळं गाव तिला चाची म्हणे, भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. मी येण्याच्या आधीच्या वर्षी तिला लकवा मारला होता. उजवा हात आणि पाय गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले होते, जीभ शाबूत आहे, बोलायला लावा, हात हलवायला लावा. पण चाची बोलायला तयार नव्हती. मिस्त्री तिला भरवत, तिची वेणी घालत, आणि बाहेर येऊन पुन्हा रंधा मारत. एकुलत्या एक मुलीचं लग्न होऊन ती बल्लारपूरला गेली होती. बाकी घरात कुणी नव्हतं.

ही चाची पूर्वी कशी होती, ते मला गावानेच सांगितलं. तिचा भाऊ आखातात कामाला होता. त्याने कधीतरी तिकडून एक कम्प्युटर आणला होता, शाळेच्या पाटीएवढा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, पाच मिनिटं कर्कश आवाज ऐकायचा, की पडद्यावर खेळ यायचा. मिस्त्रींनी त्यासाठी सागवानाचं उभं कपाट बनवलं. वर टीव्ही, खाली कम्प्युटर, छातीपाशी दांडा आणि बटणं. शहरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात असतं तसं, फक्त चार माणसांशिवाय न हलणारं. ते दुकानाच्या ओसरीत उभं राहिलं आणि चाची त्याची मालकीण झाली. अख्खी आलापल्ली तिथे खेळून गेली, पण चाचीच्या पुढे कुणी गेलं नाही. लाकडाच्या डेपोत लिलावाला आलेले व्यापारीसुद्धा तिच्याकडून हरून जात. तिचा लाडका खेळ एकच होता. एक छोटासा माणूस खोल विहिरीत शिड्यांवरून उतरतो आणि वटवाघळं चुकवत दिवे गोळा करतो. ती त्याला दिवेवाला म्हणे.

पुढे कॅसेटींना बुरशी आली. एका पावसाळ्यात वीज अशी काही जोरात आली की त्या पाटीतून धूर निघाला. कपाट तसंच उभं राहिलं, त्यावर चादर टाकून.

एक दिवस मिस्त्री ती जळकी पाटी टॉवेलात गुंडाळून माझ्या क्लासात आले. "हे दुरुस्त होते का बाई?"

मी उघडून पाहिली. काही उरलं नव्हतं. तसं सांगितलं. ते टॉवेल गुंडाळायला लागले. त्यांच्या त्या गुंडाळण्याकडे बघून मी बोलून गेले, की हे यंत्र होणार नाही, पण आजच्या कम्प्युटरवर त्याची नक्कल करणारा प्रोग्राम मिळतो. त्यात जुने खेळ चालतात.

"नक्कल म्हंजे?"

"म्हणजे हा कम्प्युटर आपण तोच जुना कम्प्युटर आहोत असं भासवतो."

मिस्त्रींनी जरा विचार केला. "म्हंजे बहुरुप्या. सोंग घेते."

"हो. तसंच."

"पाहू," ते म्हणाले. खरं तर हे मी म्हणायला हवं होतं.

खेळाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. कॅसेटवरचा कागद कधीच गळून गेला होता. मी शनिवारी चंद्रपूरला घरी जाई, तेव्हा इंटरनेटच्या दुकानात बसून दिसतील ते जुने खेळ फ्लॉपीवर उतरवून घेई. रविवारी परतीची एसटी, चार-साडेचार तास, रस्त्यावर रस्ता कमी आणि धूळ जास्त. निम्म्या फ्लॉप्या वाटेतच खराब होत. उरलेले खेळ सोमवारी मिस्त्रींना दाखवायचे. पण मिस्त्री पडद्याकडे बघतच नसत. पाठ करून उभे राहत.

"बघा ना, मिस्त्री."

"मी कुठी पाह्यला हाय तो? ती खेळे, मी रंधा मारो. पाठ तिच्याकडेच राहे माही. मी कानानं वळखतो." मग थोडं ऐकून, "हा नाई." पुढचा. "हा बी नाई."

असे तीन महिने गेले. मला खोटं लिहायचं नाही, मी वैतागले होते. क्लासात दुपारभर लाईट नसे, पोरं येत नसत, क्लासचा मालक नागपूरहून फोन करून ओरडे, आणि माझ्या रविवारचा असा चुराडा. पुढच्या सोमवारी नाही म्हणायचं, असं मी दर एसटीत ठरवी. एका सोमवारी मी फ्लॉपी घातली, चार सुरांची एक किरकिरी धून वाजली, आणि मिस्त्रींच्या पाठीत काहीतरी हललं. ते वळले नाहीत. "हाच," म्हणाले. पडद्यावर एक इवलासा माणूस शिडीवर उभा होता.

मग जोडणी सुरू झाली. क्लासमधला एक डबा फुटलेला कम्प्युटर मालकाने दिला. मी एक कीबोर्ड उघडला, त्यातली हिरवी पट्टी काढली, कोणत्या दोन तारा जोडल्या की कोणतं बटण दाबलं जातं ते कागदावर मांडलं. मिस्त्रींनी दरवाजाच्या बेलची बटणं आणली. चार बटणं चार दिशांना, मध्ये खरादावर फिरवून गोल काढलेला सागवानी दांडा. तो जिकडे झुकेल तिकडचं बटण दाबेल. पाचवं बटण उडी मारायला. तारांना कथलाचे डाग मी देत होते, पण हात धरायचा कसा ते त्यांनीच शिकवलं. "श्वास सोडला का मंग टेकव," एवढंच म्हणाले. त्यानंतर माझा एकही डाग सुटला नाही.

सगळं तयार झालं आणि मिस्त्रींनी कपाटच आडवं पाडलं. चाची आता उभी राहू शकत नव्हती. खुर्चीवर बसून, डाव्या हाताने खेळेल असं ते हवं होतं. दांडा उजवीकडून डावीकडे घ्यायचा आणि खालून चांगली हातभर उंची काढायची. त्यांच्या हातचं ते सगळ्यात देखणं काम होतं. कडेला वेलबुट्टी होती, सांधा बोटाला लागत नसे. मी म्हटलं, "नवीन करा ना, मिस्त्री. हे कशाला कापता?"

"तिनं हेच पाह्यलं हाय," ते म्हणाले, आणि करवत लावली. संध्याकाळपर्यंत कापत होते. मध्ये दोनदा थांबून कपाटालाच टेकून बसले, डोळे मिटून.

चाचीला खुर्चीवर बसवून आम्ही ओसरीत आणलं. मिस्त्रींनी चादर काढली. खेळ सुरू केला. ती धून वाजली. चाचीने पडद्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे, मग मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे. आणि मान फिरवली. मिस्त्रींनी तिचा डावा हात उचलून दांड्यावर ठेवला. तिने तो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती रडायला लागली, आवाज न करता.

चौथ्या दिवशी मी बोलले. बोलू नये ते बोलले. "मिस्त्री, पुरे आता. त्यांना नको आहे ते. तुम्ही त्यांना त्यांचा गेलेला हात दाखवून राहिलाय रोज." मिस्त्री रागावले नाहीत. बराच वेळ कपाटाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "तिले नको असन. मंग मीच खेळतो. लाईट हाय तवरिक."

त्या माणसाने आयुष्यात कधी खेळ खेळला नव्हता. चाचीची खुर्ची बाजूला सरकवून ते कंबरेत वाकून उभे राहिले आणि इतकं वाईट खेळले की बघवेना. दिवेवाला शिडीवरून पडे. पुन्हा उभा राही, वटवाघळात जाई. मिस्त्री तोंडातल्या तोंडात त्याची माफी मागत. लांब उभी राहून मी क्लासला कुलूप लावायच्या विचारात होते. पाचव्यांदा, सहाव्यांदा तो माणूस त्याच कडेवरून खाली गेला. सातव्यांदा तो कडेपाशी आला आणि खुर्चीतून आवाज आला. फाटका, घोगरा, पण साफ.

"अंधे! कूद!"

मिस्त्रींनी बटण दाबलं की नाही मला आठवत नाही. त्यांनी दांडा सोडला आणि चाचीकडे बघत राहिले. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. डाव्या हाताने ती पडद्याकडे दाखवत होती. मिस्त्री ओसरी उतरून रस्त्यावर गेले. समोर सायकलवाला होता, भाजीवाली होती, जो दिसेल त्याला ते सांगत सुटले, "ऐकलं का? मले आंधळा म्हनली! मले आंधळा म्हनली!" लोकांना वाटलं भांडण झालं.

त्यानंतर चाचीने दांड्याला कधीच हात लावला नाही. ती बोले आणि मिस्त्री हलवत. बायें. ऊपर. रुक. रुक बोली ना. गधे. सुरुवातीला एवढेच शब्द होते, निम्म्या शिव्या. मग हळूहळू खेळाबाहेरचेही आले. पानी. खिडकी. एकदा मला बघून, "दुबली हो गई." दीड वर्षात ती पुरती बोलायला लागली असं नाही, वाक्य मध्येच अडे, शब्द सापडला नाही की ती चिडे. पण रोज दुपारी चारला ओसरीत तिचा दम देणारा आवाज येई आणि माझ्या क्लासातली पोरं टायपिंग थांबवून हसत. मिस्त्रींचा खेळ काही सुधारला नाही. मला कधी कधी शंका येई, पण विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत चाचीला पुन्हा झटका आला. तिला अहेरीच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

माझा क्लासही त्याच सुमारास बंद झाला. मालकाने कम्प्युटर टेम्पोत भरून नेले, मी चंद्रपूरला परत जायला निघाले. निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला मिस्त्रींकडे गेले. चाचीला जाऊन महिना झाला असेल. दुकान उघडं होतं, रंधा बंद होता. मिस्त्री ओसरीत कपाटापुढे वाकून खेळत होते. बाजूची खुर्ची तिथेच होती. मी पायरीवर बसले.

दिवेवाला एक शिडी उतरला, दुसरी उतरला. वटवाघूळ आलं, त्याने ते चुकवलं. दिवा घेतला. त्यांना येत होतं. अगदी व्यवस्थित येत होतं. मग तो कडेपाशी आला, आणि मिस्त्रींनी बटण दाबलं नाही. तो पडला. पुन्हा कडेपाशी आला. पुन्हा पडला.

मी हळूच म्हटलं, "उडी मारा, मिस्त्री."

ते वळले. मी आल्याचं त्यांना तेव्हाच कळलं असावं.

"मालूम हाय बाई," ते म्हणाले. "मुद्दाम चुकून राह्यलो. कोणी बोलतच नाई."