उसवलेली बाही

भास झाला, कुणीतरी हात धरला, असं सांगणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच करत आलो. पोलिसातला माणूस, आधी पुरावा मागणार. म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

नांदेडला डीबी पथकात, म्हणजे साध्या कपड्यातल्या तपासवाल्यांत, गायकवाड साहेब आमचे फौजदार होते. त्यांचा नियम एकच — आरोपीचं दार वाजवताना समोर उभं राहायचं नाही, भिंतीला चिकटायचं. मी हमखास विसरायचो. मग साहेब बाही धरून असे ओढायचे की खांद्याची शिवण उसवायची. "सासरवाडीला आलास का बे, दारात हुबा राहायला?" जेवायला साहेबांच्या घरी गेलो की वहिनी शिवून द्यायच्या. "ह्यांनीच फाडली न्हवं?" म्हणत हसायच्या.

तीन वर्षांपूर्वी मुखेडला मी पुन्हा तसाच उभा राहिलो. साहेबांनी मला ओढलं आणि आतून आलेला कोयता त्यांच्या मानेवर बसला. दवाखान्यात नेईपर्यंत साहेब गेले. चूक माझी होती. त्यानंतर वहिनींकडे जायची माझी छातीच झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात उदगीरला एका मोबाईलचोराला आणायला गेलो होतो. भर दुपार. जोडीदार गल्लीच्या तोंडाशी जीप लावत होता. आरोपी किरकोळ, म्हणून मी बेफिकीर... समोर उभं राहून कडी वाजवली. तेवढ्यात डाव्या बाहीला हिसका बसला, मी भिंतीवर आदळलो आणि कुऱ्हाडीचं पातं फळी फोडून बाहेर आलं — बरोबर माझ्या छातीच्या उंचीवर.

मागं कुणीच नव्हतं. आरोपी हाती लागल्यावर चौकट दोनदा तपासली. बाही अडकावी असा एक खिळासुद्धा नाही. खांद्याची शिवण मात्र उसवलेली.

रविवारी तो शर्ट घेऊन वहिनींकडे गेलो. आधी मुखेडची चूक सांगून टाकली.

"ठाऊक हाय मला, भावजी," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं तुमची वाट पाहून राहिले मी."

मग उदगीरचं सांगितलं. वहिनींनी शिवणीवरून बोट फिरवलं, सुई-दोरा काढला आणि डोळे पुसत हसल्या. "ह्यांनीच फाडली न्हवं?"

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. साहेब, दोनदा जगवलंत, लई उपकार झाले. आता दारासमोर उभा राहत नाही.