चांगुणाचा नवस नि प्रणालीची हनुवटी

त्या दिवशी दिघीच्या जेट्टीवर आम्ही चौघं व्हतो. मी, पारू गोंदणारी. वरच्या आळीची चांगुणा, माझ्याच वयाची. तिची नात प्रणाली, बारावीला शिकणारी. नि फेरीबोटीची तिकिटं फाडणारा अस्लम. चांगुणानं नातीचा दंड धरला व्हता. नात ओढणीनं हनुवटी झाकून उभी.

"पारू, मशीन काढ," चांगुणा म्हणाली. "हनुवटीवर एक ठिपका. नवस हाय."

"मला नको," पोरगी म्हणाली.

"तुला कोण इचारतंय?"

माझं काम गोंदायचं. आईकडून शिकले. शाळा दुसरीपर्यंत झाली, मंग हातात सुया आल्या. तवा तीन सुया दोऱ्यानं बांधायच्या नि दिव्याची काजळी भरायची. आता बॅटरीचं मशीन हाय, दर माणसाला नवी सुई लावते. पण इद्या तीच. सुई कातडीच्या वरच्या पदराखाली गेली पायजे. उथळ गेली तर रंग जातो. खोल गेली तर पसरतो. एकदा बसला का जन्मभर ऱ्हातो. म्हणून गिऱ्हाईक "नको" म्हणालं का मी मशीन चालू करीत न्हाय.

मी प्रणालीला फळीवर बसवलं. "का नको गं? दुखंल म्हणून?"

"दुखण्याचं काय न्हाय आजी. माझं मेडिकल जाईल."

"कसलं मेडिकल?"

"मला हेलिकॉप्टर चालवायचंय. सैन्यातलं."

अस्लम तिकिटाचं पुस्तक मिटून जवळ आला. मी म्हणाले, "पोरी असतात त्यात?"

"आता घेतात. बारावीला फिजिक्स, मॅथ्स लागतं. आधी लेखी परीक्षा. ती मी पास झाले. आता इंटरव्ह्यूचं पत्र आलंय, पाच दिवसांचा असतो."

"पाच दिवस काय इचारतात?"

"नुसतं विचारत न्हायत. गोष्ट लिहायला लावतात, दोरावर चढवतात, दहा जणांत बसवून बोलायला लावतात. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त पोरं घरी पाठवतात. त्यातून निघालं का मशीनवरची परीक्षा. हात, पाय, डोळे एकदम चालतात का ते बघतात. त्यात नापास झालं का जन्मात पुन्हा बसायला मिळत न्हाय."

"या अल्ला!" अस्लम म्हणाला. "मी तर धाव्वीला तीनदा बसलो."

"नि त्याच्यानंतर मेडिकल. दात, कान, डोळे. पायाची लांबी मोजतात, बसल्यावरची उंची मोजतात."

"पायाची लांबी कशाला?"

"पेडलला पाय पोचायला पायजेत ना. डाव्या हातानं वरखाली न्यायचं. उजव्या हातानं पुढं, मागं, बाजूला. पायानं त्याचं नाक फिरवायचं. नि हे सगळं एकाच टायमाला. आमच्या मामाला पुरात छपरावरून उचलला, तवा ते हवेत एका जागी उभं व्हतं. पुढं न्हाय, मागं न्हाय. खाली मामा दोरीला लटकलेला नि वारा असा का झाडं आडवी. मी खालून बघत व्हते. तवाच ठरवलं."

एका ठिपक्यावर हात थिर ठेवायला मला दहा वर्सं लागली, ती पण जमिनीवर बसून. हिला वाऱ्यात उभं ऱ्हायचं व्हतं, दोन हातांनी दोन कामं, पायांनी तिसरं, नि खाली कुणाचा तरी जीव टांगलेला. मी पोरीच्या हातांकडं बघितलं. बारीक हात. नखं कुरतडलेली.

"नि ह्या ठिपक्याचं काय?"

तिनं भरतीच्या नियमांचा घडी केलेला कागद काढला. इंग्रजीत व्हता. अस्लमनं चष्मा लावला नि बोट फिरवत वाचला. "बरोबर बोलते बेटी. कोपरापासून मनगटापर्यंत, आतल्या बाजूला चालतं. हाताच्या पंजाच्या मागं चालतं. दुसरीकडं असेल तर न्हाय घेत. आदिवासींना त्यांच्या रिवाजाची सूट हाय, पण ह्या काय त्यांतल्या न्हायत."

"ठिपक्यानं काय हेलिकॉप्टर पडतंय?" चांगुणा भडकली. "आमच्या सगळ्या बायांच्या हनुवटीवर हाय. माझ्या पोरीच्या हाय, सुनंच्या हाय. माझी तेवढी कोरी ऱ्हायली, आईच न्हवती ना गोंदवायला. पारू, ह्यांचं ऐकू नको. कागदाला काय कळतंय?"

चांगुणा म्हणते तसं मीसुद्धा एकदा म्हणाले व्हते.

माझा थोरला, दत्ता. नवं मशीन आणलं तवा शिकायला कातडी पायजे व्हती. तो म्हणाला, आई, माझ्या दंडावर काढ. वाघानं काय अडतंय, म्हणाले नि वाघ काढला. चांगला आला व्हता. पुढं दत्ता भरतीला गेला. धावण्यात पयला आला. सायबानं बनियन काढायला सांगितलं नि दंड बघून लाइनीतून बाहेर केला. दत्ता संध्याकाळी घरी आला. मीच इचारलं. म्हणाला, "वाघ चालत न्हाय." मी तवा कोळंबी सोलत व्हते. सोलून झाल्यावर हात धुतले. आता तो माणगावला ट्रक चालवतो. फुल बाह्यांचा शर्ट घालतो, उन्हाळ्यात पण.

हे मी चांगुणाला सांगितलं. तिला ठाऊक न्हवतं. आळीत कुणालाच ठाऊक न्हवतं.

ती जरा नरमली. पण नवस गळ्यात अडकलेला. म्हणाली, "मंग मी काय करू? देवीला बोललेय. नवस न्हाय फेडला नि पुढं पोरीचं काय वाकडं झालं तर? ते हवेत हाय गं पारू. तिथं धरायला कोण हाय?"

तवा मला कळलं का ही हट्टी न्हाय. ही भ्यालीय.

मी म्हणाले, "मनगटाच्या आत देते, तिथं चालतंय."

"हनुवटी बोललेय. देवीला मनगट दावू?"

मी मशीन बाजूला ठेवलं. "शबूद सांग. नवस कसा बोललीस? एक पण शबूद इकडचा तिकडं करू नको."

चांगुणानं डोळे मिटले, हात जोडले. "आई, माझी प्रणाली पास झाली तर हनुवटीवर गोंदवीन."

"कुणाच्या?"

"म्हणजे?"

"कुणाच्या हनुवटीवर?"

चांगुणानं डोळे उघडले. ओठ हलले. पुन्हा मनातल्या मनात नवस म्हणून बघितला. "कुणाच्या ते… बोलले न्हाय."

"मंग बस फळीवर."

अस्लम असा हसला का बोटीवरची माणसं बघायला लागली. "चाची, देवीनं तुमची कोरी जागा बघून ठेवली व्हती!"

"तू तिकिटं फाड," चांगुणा म्हणाली. पण बसली. बसता बसता मला म्हणाली, "ह्या वयात? लोक हसतील."

"हसू दे. हवेत जाणाऱ्या पोरीची आजी हायेस तू."

म्हाताऱ्या कातडीवर गोंदणं कठीण. कातडी ढिली असते, सुईबरोबर सरकते. प्रणालीनं आजीचा गाल धरून ताणला. मी सुई लावली. पोरीचा हात बघितला, जरा पण हलला न्हाय. चांगुणा बोलली, "पारू, तुझा हात कापतोय का गं?"

"तुझी हनुवटी थरथरतेय. गप ऱ्हा."

ठिपका दिला. हळद लावली. चांगुणानं अस्लमच्या मोटारसायकलच्या आरशात तोंड बघितलं नि नातीला म्हणाली, "कशी दिसते?" पोरगी आजीच्या गळ्यात पडून रडली. चांगुणा म्हणाली, "रडतेस काय, दुखलं मला."

पुढचं सांगते. प्रणाली इंटरव्ह्यूला गेली नि पहिल्याच दिवशी परत आली. आळीतल्या बाया म्हणाल्या, नवस चुकीच्या अंगावर फेडला. चांगुणा त्यांना म्हणाली, "पासचा बोलले व्हते, पास झाली व्हती. ह्याचा बोललेच न्हवते." पोरीनं पुन्हा लेखी दिली. दुसऱ्या खेपेला पाचही दिवस टिकली. मशीनची परीक्षा, जन्मात एकदाच असते ती, पास झाली. मेडिकलला डॉक्टरीणबाईनं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं नि इचारलं, "टॅटू?" ती म्हणाली, "न्हाय मॅडम." पाय मापात बसले.

आता ती सैन्याच्या शाळेत शिकतेय. तीन वर्सं तिथंच, मंग छोटं विमान, नि मंग कुठं हेलिकॉप्टर. लांबचा रस्ता हाय. मी तोवर असेन नसेन. पण समुद्रावरनं घरघर आली का हातातलं काम ठेवून वर बघते. आत कोण बसलंय दिसत न्हाय. कुणी तरी दोन हात नि दोन पाय एकदम चालवतंय एवढं आता मला कळतं.

इतक्या वर्सांत मी एवढंच शिकले का नवस ज्यानं बोलला त्यानंच आपल्या अंगावर घ्यावा. नि तुम्ही जे वाचताय त्यांना एक सांगणं. पोराला नायतर पोरीला गोंदवायला न्यायच्या आधी त्यांना कुठं जायचंय ते इचारा, नि तिथला नियम वाचून घ्या. वाचता येत नसेल तर माझ्यासारखं दुसऱ्याकडून वाचून घ्या. लाजू नका.